अथणीच्या ओसरीवर

कृष्णा ओलांडून अथणीच्या वाटेला लागलो, तेव्हा पिशवीत कैलासवासी वडिलांच्या कापशी वहाणा होत्या. एकीचा कान तळापासून सुटला, तेव्हा मी तो रबरी सोल्युशनने चिकटवला होता आणि वहाणा नव्यासारख्या दिसाव्यात म्हणून वर तपकिरी रंगही दिला होता. आठ दिवसांत कान पुन्हा सुटला, रंगाचे पोपडे निघू लागले.

अथणी हे आमच्या बेळगाव जिल्ह्यातील चर्मकारांचे जुने गाव. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते महाराष्ट्रातील चार आणि कर्नाटकातील चार अशा आठ जिल्ह्यांना मिळून. सीमेवर राहणाऱ्या आम्हांला याचे विशेष अप्रूप.

ओसरीवर एक वृद्ध कारागीर तळ कापीत बसले होते. सूनबाई पट्ट्याची वेणी घालीत होत्या. वहाण हाती घेऊन म्हातारबाबा कानडी वळणाच्या मराठीत म्हणाले, "मास्तर, तेल प्यालेलं चामडं सोल्युशन कसं धरणार?"

मग त्यांनी रीत सांगितली. चिकटवायची जागा आधी खरवडून काढावी, दोन्ही अंगांना पातळ थर द्यावा आणि तो बोटाला लागेनासा झाला, की जुळवून ठोकावे. तरीही हे चिकटवणे शिलाईपर्यंत थर जागेवर धरण्यापुरतेच. वहाण टिकते ती चामड्याच्या वादीने. तेथे खिळ्याला स्थान नाही.

रंगाचाही क्रम ठरलेला : आधी रंग, मग तेल. स्पिरिटचा पातळ रंग चामड्यात मुरतो. माझ्यासारखा जाड रंग वरच बसतो आणि वाकताच तडकतो. बाभळीची साल व हिरडा यांनी कमावलेले चामडे लोखंडाच्या पाण्याने काळे होते. हिरडा आणि हिराकस यांची जुनी शाई याच तत्त्वावर होत असे, हे मला माहीत होते. पण ते पायाखालीही लागू पडते, हे कधी सुचले नव्हते!

त्यांनी कान वादीने शिवला आणि माझा रंग हलक्या हाताने खरवडला. डाव्या वहाणेवर वडिलांच्या अंगठ्याचा काळसर ठसा पुन्हा दिसू लागला. उजवीवरचा मात्र, रंग लावण्याआधी मीच काचकागदाने घासला होता. तो गेला तो गेलाच.

"आता नुसतं तेल लावा, मास्तर," ते म्हणाले.

दर पावसाळ्यानंतर मी तेवढेच करतो.