आय-पाचवरून आय-तीनवर



२० नोव्हेंबरला संध्याकाळी जीएसटीचं रिटर्न भरता भरता आमचा लॅपटॉप गोठला. पडद्यावर गोल चक्र फिरतंय आणि इकडे सूर्य कलतोय. चौविहार असल्यामुळे जेवण थांबवता येत नाही आणि २० तारीखही थांबत नाही. जेवून आले, तरी चक्र तिथेच. रिटर्न गेलं २१ ला सकाळी. पुढच्या महिन्यात ५० रुपये विलंब शुल्क दिसलं. रक्कम ती काय, पण यांच्या एजन्सीला रिटर्न उशिरा गेल्याचा दंड पहिल्यांदाच लागला. हे काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

हा लॅपटॉप आम्ही २०१७ च्या अक्षय तृतीयेला घेतला. १ जुलैपासून जीएसटी लागणार होता आणि तोवर यांचा सगळा कारभार लाल वह्यांत. वाळूजच्या कंपन्यांना पॅकिंगचं सामान पुरवायचं, खोके, टेप, थर्माकोल. तेव्हा सगळे म्हणत होते आय-तीन पुरेल, पण यांनी हट्टाने आय-पाच घेतला, ४२ हजारांचा. आयकराच्या हिशेबात संगणकाला दरसाल ४० टक्के घसारा मिळतो. आठ वर्षं घसारा काढून वहीत त्याची किंमत आता ७०५ रुपये उरली आहे. (मराठवाडा विद्यापीठाची बी.कॉम. आहे मी, १९८३ ची. पदवी कपाटात होती, लॉकडाऊनमध्ये बाहेर काढली.) यांचा हात थरथरायला लागल्यापासून टॅलीतल्या नोंदी मीच करते. मात्र लॅपटॉप ‘यांचा’.

पुण्याहून मुलाने फोनवर निकाल दिला, “आई, आय-सात घे, विषय संपव.” का, विचारलं तर म्हणे पुढे उपयोगी पडेल. पुढे म्हणजे कधी? मी सत्तर वर्षांची झाल्यावर व्हिडिओ एडिटिंग करणार आहे का?

मग मी दुधाच्या हिशेबाची वही घेतली. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. कोणत्या भागावर किती ताण आहे ते त्यात टक्क्यांत दिसतं. आठवडाभर काम करता करता आकडे उतरवले. टॅली, ब्राउझरमध्ये जीएसटीचं पोर्टल, एक एक्सेल, एवढं उघडलं की प्रोसेसर २५-३० टक्क्यांच्या आसपास, मेमरी ९० च्या वर आणि डिस्क १०० ला चिकटलेली. म्हणजे मी प्रोसेसरला शिव्या देत होते आणि बिचारा निवांत बसलेला होता. मेमरी चारच जीबी आणि आतली हार्ड डिस्क जुन्या पद्धतीची, फिरणारी. सकाळी बटण दाबून नऊ नवकार म्हणून झाले तरी ती तयार नसायची.

दुरुस्तीवाला म्हणाला, एसएसडी टाका, मेमरी वाढवा, काही हजारांत काम होईल. दोन दिवस मी खूश. मग कळलं की विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. नाव नोंदवलं तर सुरक्षेचे अपडेट आणखी वर्षभर, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतात, पुढे नाही. विंडोज ११ ला इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा लागतो. आमचा आय५-७२००यू, सातव्या पिढीचा. एका पिढीने हुकलो. ज्या यंत्रात बँक आणि पोर्टलचे पासवर्ड आहेत, ते बिनकुलपाचं कसं ठेवायचं?

तर मैत्रिणींनो, नवा घ्यायचाच होता, म्हणून प्रोसेसरची नावं वाचायला शिकले. तांदळासारखं आहे. आय-तीन, आय-पाच हा झाला दर्जा, आणि पुढचा आकडा म्हणजे पीक कोणत्या सालचं. (तांदूळ जुना चांगला, इथे उलटं.) ७२००यू मधला ७ म्हणजे सातवी पिढी. १३१५यू मधले १३ म्हणजे तेरावी. शेवटचा ‘यू’ वीज कमी खाणारा. ‘एच’ असेल तर ताकद जास्त, पण गरमही जास्त आणि बॅटरी लवकर उतरते. आमच्या जुन्या आय-पाचमध्ये दोन कोअर, म्हणजे दोन शेगड्या. नव्या आय३-१३१५यू मध्ये सहा, दोन मोठ्या आणि मंद आचेच्या चार. आजचा आय-तीन आमच्या त्या आय-पाचच्या कितीतरी पुढे आहे.

निराला बाजारातल्या एका दुकानात गेलो. मुलगा सगळं यांच्याकडे बघून सांगत होता. मला म्हणाला, “काकू, तुम्हाला काय, पिक्चर बघायला ना?” मग त्याने रायझन ५ ७५२०यू काढला, “सात हजारची सिरीज, एकदम लेटेस्ट.” स्वस्तही होता. पण एव्हाना मुलाने मला एक खूण शिकवली होती. एएमडीच्या सात हजारच्या मालिकेत तिसरा आकडा बघायचा, तो आतल्या रचनेची पिढी सांगतो. ७५२० मध्ये तो २ आहे, म्हणजे रचना मुळात २०१९ ची. कोअर चार आणि मेमरी बोर्डावरच डाग दिलेली, नंतर वाढवता येत नाही. ७५३० मध्ये तो आकडा ३, कोअर सहा. एका आकड्याचा फरक आणि माल वेगळा. मी त्याला विचारलं, “तिसरा आकडा दोन आहे ना रे?” त्यानंतर तो माझ्याकडे बघून बोलायला लागला.

अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. मी आय-तीन म्हटलं आणि यांचा चेहरा उतरला. “आय-पाचवरून आय-तीनवर?” एवढंच बोलले. दुकान आवरून धंदा घरी आणला तेव्हासुद्धा यांच्या चेहऱ्यावर मी हेच पाहिलं होतं. सूर्यास्ताची वेळ होत आली होती, काही न घेता परतलो.

रात्री मी समजावायला गेले नाही. वही यांच्यासमोर ठेवली, आठवड्याच्या आकड्यांची. यांनी चष्मा लावून एकेक ओळ तपासली, माझी एक बेरीजही चुकीची काढली. आमच्या बजेटमध्ये दोनच पर्याय बसत होते, आय-पाच आणि आठ जीबी मेमरी, किंवा आय-तीन आणि सोळा. बराच वेळ गेल्यावर विचारलं, “डिस्क शंभरला होती, मग प्रोसेसरवर पैसे का घालायचे?” मी म्हटलं, “तेच.” वर मेमरीचे भाव चढत चालले होते, म्हणून थांबण्यातही अर्थ नव्हता. दुसऱ्या दिवशी आय३-१३१५यू, सोळा जीबी आणि एसएसडी असा घेतला. बिल फर्मच्या जीएसटी क्रमांकावर करून घ्यायला विसरू नका. धंद्यासाठी घेतलेल्या यंत्रावरच्या १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळतं.

आता प्रश्न जुन्याचा. माझ्या परिग्रह परिमाणाच्या यादीत लॅपटॉप एकच आहे. नवा आला की जुना घराबाहेर, असा माझा नियम. यांनी तो लाल वह्यांच्या शेजारी, कापडात गुंडाळून ठेवलाय. अक्षय तृतीयेपर्यंत मुदत दिली आहे.

२० जानेवारीला रिटर्न दुपारी चारलाच तयार झालं. हे पाठीमागे उभे होते. म्हणाले, “थांब, शेवटचं बटण मी दाबतो.” बोट थोडं थरथरलं, पण बटण बरोबर दाबलं गेलं.