राणी पाकोळी

खंडाळा म्हटले की बहुतेकांना लोणावळ्याशेजारचे थंड हवेचे ठिकाण आठवते. मी राहतो तो खंडाळा सातारा जिल्ह्यातला, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचा, बेताच्या पावसाचा. अशा कोरड्या गावातही पावसाळा सरता सरता एखादे मोठे काळेभोर फुलपाखरू अंगणात उतरते. तुम्हीही ते पाहिले असेल. नाव कदाचित ठाऊक नसेल.

२०१५ साली महाराष्ट्राने त्याला राज्य फुलपाखराचा मान दिला. असा मान देणारे हे देशातले पहिले राज्य. पंख पसरले की ते बारा ते पंधरा सेंटिमीटर भरते. पुढचे पंख मखमली काळे, त्यांवर फिकट निळसर पट्टे. मागच्या पंखांवर मात्र आभाळाचा निळा रंग पसरलेला आणि त्यात काळे ठिपके. पंख मिटले की खालच्या बाजूला, बुडाशी, तांबडे डाग दिसतात.

भाषेच्या विद्यार्थ्याने त्याची नावे अवश्य पाहावीत. इंग्रजीत ते ‘ब्ल्यू मॉर्मन’. याच कुळातल्या दुसऱ्या एका जातीच्या माद्या अनेक रूपांच्या असतात. म्हणून बहुपत्नीत्वासाठी गाजलेल्या मॉर्मन पंथाचे नाव तिला चिकटले आणि तेथून ते इथवर आले. शास्त्रीय नाव ‘पॅपिलिओ पॉलिम्नेस्टर’. हा पॉलिम्नेस्टर म्हणजे ग्रीक कथांतला, सोन्याच्या लोभाने आश्रित मुलाला मारणारा राजा. एका नावात थट्टा, दुसऱ्यात खुनी! मराठीने तिला ‘राणी पाकोळी’ म्हटले. पाकोळी हा शब्द पक्ष्यासाठीही चालतो, आणि हिची झपाट्याची भरारी पाहिली की तो चपखल वाटतो.

या राणीचे बालपण मात्र राजस नाही. मादी लिंबाच्या कुळातल्या झाडांवर एकेक अंडे घालते. कोवळी अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. मोठी झाली की हिरवीगार होते आणि डिवचल्यास डोक्यामागून दुभंगलेल्या शिंगासारखा, उग्र वासाचा अवयव बाहेर काढते. पाने खाते, भरपूर खाते. जंगलात तिला माकडलिंबू मिळते. गावात आपली परसबाग.

आमच्या परसातले कागदी लिंबाचे रोप दोन वर्षांचे. आईने ते भांडी विसळलेल्या पाण्यावर वाढवले. यंदा त्याच्या शेंड्याची पाने जवळजवळ संपली, तेव्हा फवारणी करावी असे ती म्हणू लागली. तुम्ही काय केले असते? मोजल्या तर अळ्या सहा निघाल्या. त्यांतल्या किती राणीच्या आणि किती नेहमीच्या लिंबावरील फुलपाखराच्या, हे मला ओळखता येत नव्हते. चार अळ्या शेजारच्या जुन्या, दाट लिंबावर नेऊन सोडल्या. दोन राहू दिल्या.

आई म्हणाली, “त्या दोन तुझ्या. पाने मात्र माझी.”