मंगल कार्यालयातलं विमान

रिमोटचं विमान म्हटलं की मोकळं मैदान डोळ्यासमोर येतं. माझं विमान छताखाली उडतं, आणि फुलंब्रीत एवढं मोठं छत म्हणजे मंगल कार्यालय. आषाढी एकादशीनंतर लग्नाचे मुहूर्त थांबले की हॉल बराचसा रिकामाच असतो. ऐंशी बाय पन्नास फूट, मध्ये एकही खांब नाही. पंखे तेवढे बंद ठेवायचे, कारण एवढ्या हलक्या विमानाला पंख्याचा वाराही वादळासारखाच.

हा रीतसर खेळ आहे. आंतरराष्ट्रीय हवाई क्रीडा महासंघ त्याला 'एफ३पी' म्हणतो. त्याची पहिली जागतिक स्पर्धा २०१३ साली जर्मनीतल्या कोबुर्गला झाली. विमान हॉलमध्ये उलटं उडतं, कुशीवर उडतं, नाक छताकडे करून हवेत उभं राहतं. हे व्हिडिओ मी पुण्यातल्या रूमवर रात्री दोन-दोन वाजेपर्यंत पाहिले होते. वर्क फ्रॉम होम घेऊन गावी आलो तेव्हा वाटलं, आता करूनच बघू.

इंजिनिअरिंगला असताना आम्ही जी विमानं बनवली, त्यांत किती वजन उचललं याला मार्क होते. इथे सगळं उलटं. वळणाचा व्यास वेगाच्या वर्गावर ठरतो, आणि उडत राहायला लागणाऱ्या वेगाचा वर्ग वजनाच्या प्रमाणात असतो. म्हणजे तेच पंख, तेवढाच कल ठेवून वजन अर्धं केलं तर वळणही अर्ध्या जागेत बसतं. मैदानावर दहा ग्रॅम जास्त झाले तर कुणाला पत्ता लागत नाही. हॉलमध्ये ते दहा ग्रॅम भिंत जवळ आणतात.

माझं पहिलं विमान १५५ ग्रॅमचं होतं. नऊ मिलिमीटरचा ईपीपी फोम, ताठपणासाठी कार्बनच्या काड्या, तीन छोटे सर्व्हो, दोन सेलची लिपो बॅटरी. ईपीपी आपटला तरी उसळतो, म्हणून सुरुवातीला तोच घ्या. डेप्रॉन दिसतो छान, उडतोही नेमका, पण तुटतो. आणि डेप्रॉनला साधं फेविक्विक लावू नका, फोम विरघळतो. पैसे घालायचेच असतील तर रिमोटवर घाला. विमानं येतील-जातील, रिमोट राहतो.

आधी दोन महिने मी लॅपटॉपवर सिम्युलेटर उडवला. विमान आपल्याकडे तोंड करून येतं तेव्हा डावं-उजवं उलटं होतं. ते डोक्याला कळून उपयोग नाही, अंगठ्याला कळावं लागतं. रिमोटमध्ये 'एक्स्पो' नावाचं सेटिंग असतं. ते वाढवलं की काडी मधोमध असताना विमान जरा थंड डोक्याने वागतं. ते लावा, लाजू नका.

तरी हॉलमध्ये माझं वर्तुळ चाळीस फुटांचं होत होतं. दोन्ही बाजूंना पाच-पाच फूट उरायचे. एवढ्यात सरळ वळणंही घाम काढतात, मग कसरती कुठल्या?

इथे पप्पा आले. पप्पा स्टेज डेकोरेशन करायचे. गणपतीत मखरं, लग्नात थर्माकोलचे हत्ती, मोर, नवरा-नवरीची नावं. मार्च २०१८ मध्ये राज्यात प्लॅस्टिक आणि थर्माकोलवर बंदी आली आणि ते काम थांबलं. बंदीबद्दल ते कधी वाईट बोलले नाहीत; नाल्यात काय तुंबायचं ते त्यांनीच पाहिलं होतं. पण त्यानंतर ते कुठल्याच कामात फारसे रमले नाहीत. टीव्ही, ओटा, झोप.

मी पंख चिकटवत होतो. त्यांनी फोमचा तुकडा बोटांत दाबून पाहिला आणि विचारलं, "एवढा जाड कशाला?"

दुकानात याच जाडीचा मिळतो, म्हटलं.

ते माळ्यावर चढले आणि नायक्रोम तारेचं धनुष्य घेऊन खाली आले. तार तापवायचा जुना ट्रान्सफॉर्मर अजून चालू होता. दोन बाजूंना पाच मिलिमीटरच्या पट्ट्या ठेवून त्यावरून तापलेली तार ओढायची, की नऊचा फोम पाचचा होतो. ऐकायला सोपं आहे. हात क्षणभर थांबला की तिथे खड्डा पडतो, घाई केली की तार मधे मागे राहते आणि पत्रा वाकडा निघतो. मी 'हळू' म्हणालो तर त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दारं-खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या, तरी आई धुरावरून ओरडत होतीच.

अठ्ठावीस ग्रॅम वाचले. पातळ पंख लवतात, म्हणून कार्बनच्या काड्यांची बांधणी आम्ही बदलली. वजन १२७. गणिताने चाळीस फुटांचं वर्तुळ तेहतीसवर यायला हवं होतं आणि जवळपास तेवढंच आलं. त्याच आठवड्यात विमान पहिल्यांदा हॉलच्या मधोमध उभं राहिलं, सात-आठ सेकंद. पंख्याच्या झोतात शेपूट सतत सावरत राहावी लागते आणि थ्रॉटलला बारीक-बारीक टिचक्या. पप्पा स्टेजच्या पायरीवर बसले होते. ते म्हणाले, "शेपटीकडचा फोम अजून पातळ चालंल."

कंपनीने जानेवारीपासून ऑफिसला बोलावलं आहे. तुळशीचं लग्न लागलं की हॉलही हातचा जाईल. पुण्यात बॅडमिंटनचे हॉल आहेत, तासावर भाड्याने मिळतात, तिथे उडवू देतील का विचारायला हवं. पप्पांना विचारलं, येता का. ते म्हणाले, आधी तीन मिलिमीटरच्या पट्ट्या घेऊन ये, मग बघू. त्या सुताराकडे टाकल्या आहेत, शनिवारी मिळतील.