सोनचाफा

आमच्या वसईतल्या इमारतीचे नाव सोनचाफा. आवारात मात्र चाफ्याचे एक पानही नाही. सगळीकडे लाद्या आणि मोटारी!

परवा धाकट्याची छाती रात्रभर घरघरत होती. पंप दिल्यावर पहाटे कुठे त्याचा डोळा लागला. डॉक्टर म्हणाले, “धूळ सांभाळा. वजनाच्या मानाने मूल मोठ्यांपेक्षा जास्त हवा ओढते.” मी पडलो मास्तर, लगेच आकडे शोधले. सूक्ष्म धुळीची आपली वार्षिक मर्यादा २००९ पासून घनमीटरला ४० मायक्रोग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलेली अवघी ५!

मी तावातावाने म्हणालो, “फादर दिब्रिटोंची हरित वसई संरक्षण समिती वाड्या आणि बावखले वाचवा म्हणून झगडत होती, तेव्हाच लोकांनी ऐकायला हवे होते.”

सौभाग्यवती शांतपणे म्हणाली, “अहो, आपण बयाणा दिला तेव्हा इथे काय होते?”

केळीची वाडी होती. तिच्या गारव्यावर भाळूनच मी बयाणा दिला होता!

झाड म्हणजे दम्याचे औषध नव्हे, हे मला कळते. पाने थोडी धूळ धरतात, सावली देतात, इतकेच. पण ऋण ते ऋणच. रविवारी चार लाद्या काढून धाकट्याने आणि मी सोनचाफ्याचे रोप लावले.

आता धुळीबरोबर तेही सांभाळायचे आहे. मोटार लावणाऱ्या शेजाऱ्यांचा त्या जागेवर आतापासूनच डोळा आहे.