चार चिमण्या, एक खार

अमेरिकेतली करडी खार भरते ४०० ते ६०० ग्रॅम. आपल्याकडची पट्टेवाली खार १०० ग्रॅमच्या आसपास. नाशिकमध्ये जेलरोडला आमच्या शेजारच्या रो-हाउसमध्ये राहणाऱ्या काकांना हा फरक कळला तो भाच्यानं न्यू जर्सीहून आणलेल्या फीडरमुळे. उभी नळी, आत दाणे, बाहेरून पत्र्याची जाळी. जाळीवर वजन पडलं की स्प्रिंग दबते, जाळी खाली सरकते आणि दाण्यांची भोकं बंद होतात.

खार आली, जाळीवर उलटी लटकली आणि पोटभर खाऊन गेली. स्प्रिंगला ती आल्याचा पत्ताच लागला नाही. काकांनी मग स्क्रू फिरवून स्प्रिंग हलकी केली, तर वेगळीच पंचाईत. चिमणी साधारण २५ ग्रॅमची, आणि चिमण्या एकेकट्या थोड्याच येतात? चौघी एकदम बसल्या की वजन खारीएवढं, की भोकं बंद. बिचाऱ्या जाळीवर चोची आपटत बसायच्या. एक मात्र झालं, ३०० ग्रॅमचा पारवा त्या फीडरपुढे साफ हरला.

काका करन्सी नोट प्रेसमधून निवृत्त झालेले. १९२८ साली सुरू झालेल्या या प्रेसमध्ये कागदाच्या एकेका शीटचा हिशेब ठेवावा लागतो. तिथे उमेदीची वर्षं काढलेल्या माणसाच्या डोळ्यांदेखत बाजरी चोरीला जावी, हे त्यांना सोसणं शक्य नव्हतं. मी हे सगळं भिंतीपलीकडून पाहत होतो, आणि ड्रिल मशीन माझं असल्यामुळे बऱ्याच प्रयोगांना हजरही होतो.

चिमण्यांसाठी घराबाहेर काहीतरी टांगून ठेवावं, हे नाशिककरांना नवं नाही. इथल्याच मोहम्मद दिलावर यांच्या नेचर फॉरएव्हर सोसायटीनं लाकडी घरटी आणि फीडर लोकांपर्यंत पोचवले. २००८ मध्ये ‘टाइम’नं पर्यावरणासाठी झटणाऱ्यांच्या यादीत दिलावरांचं नाव घेतलं, आणि त्यांच्याच पुढाकारानं २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिन झाला. काकांचं पहिलं फीडरही लाकडीच होतं, तिरप्या छपराचं. ते चिकूच्या फांदीला नायलॉनच्या दोरीनं टांगलेलं. खारीला याहून सोयीचं काय असणार! तिच्या मागच्या पायांचे घोटे उलट दिशेला वळतात, त्यामुळे नखं वर अडकवून ती डोकं खाली करून सरळ उतरते. एक दिवस तिनं दोरीच कुरतडली आणि फीडर खाली आपटलं. मग दोरीच्या जागी तार आली. तारेवरूनही ती उतरली, फक्त जरा जपून. छपराच्या कडेला, दाण्यांच्या फटीला, जिथे पाहावं तिथे तिच्या दातांच्या बारीक जोडखुणा. पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, ते झिजवायला तिला काहीतरी कुरतडावंच लागतं. लाकूड मिळालं तर लाकूड, केबल मिळाली तर केबल.

लाल तिखटाचा उपाय मात्र शास्त्राला धरून होता. मिरचीतलं कॅप्सेसिन सस्तन प्राण्यांच्या तोंडात आग लावतं, पक्ष्यांना ते जाणवतही नाही. कारण तिखटाची जाणीव करून देणारा जो ग्राही आपल्या चेतापेशींवर असतो, तो पक्ष्यांच्या बाबतीत कॅप्सेसिनला दाद देत नाही. या ग्राहीच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ च्या नोबेलमध्ये वाटा मिळाला. पोपट हिरव्या मिरच्या मिटक्या मारत खातो, हे आपल्याला त्याआधीपासून ठाऊक होतं. काकांनी बाजरीला तेलाचा हात लावून वर तिखट चोळलं. खारीनं दाणा तोंडात धरला आणि दोन्ही पंजांनी नाक-तोंड चोळत ती भिंतीवरून पसार झाली. पण वाऱ्यानं तेच तिखट काकूंच्या डोळ्यांत गेलं आणि उरलंसुरलं जूनच्या पहिल्या पावसात धुऊन निघालं. काकूंच्या डोळ्यांत गेलं तसं ते चिमण्यांच्याही जाईल, तेव्हा मला विचाराल तर हा उपाय पुस्तकातच बरा. खांबाला ग्रीस फासण्याचा सल्लाही कुणीसा दिला होता. तो मी हाणून पाडला. ग्रीस पंखांना लागलं तर पक्ष्याला ते काढता येत नाही आणि धड उडताही येत नाही.

काकूंचा विरोध मुळापासूनच. “अहो, रामानं पाठीवरून हात फिरवलेला जीव आहे तो. पंचवटीच्या गावात राहून तिलाच हाकलता?” यावर काकांचं उत्तर तयार होतं. दक्षिणेकडच्या जातीला तीन पट्टे, उत्तरेकडच्या जातीला पाच, आणि महाराष्ट्रात दोन्ही सापडतात. “मग रामानं कुणावर तीन बोटं फिरवली आणि कुणावर पाच, तेवढं सांग.” काकू बधल्या नाहीत. पिंजरा लावायचा विषय तिथेच संपला.

काम भागवलं ते भांडी बाजारातून आणलेल्या स्टीलच्या परातीनं. फीडर चिकूवरून काढून उघड्यावर, सहा-सात फुटी लोखंडी पाइपवर बसवलं. परातीच्या मधोमध पाइपहून किंचित मोठं भोक पाडलं. स्टीलवर ड्रिल सरकतं, म्हणून आधी खिळ्यानं खूण ठोकून घेतली. मग परात पालथी करून फीडरच्या खाली हातभर अंतरावर, पाइपला आवळलेल्या क्लॅम्पवर नुसती टेकवली. घट्ट बसवायची नाही, ही यातली खरी खुबी. खार पाइपवरून सरसर वर येते आणि परातीच्या पोटात अडते. कडेनं वळसा घालून वर जायचं, तर गुळगुळीत स्टीलवर नखं रुतत नाहीत आणि अंगाचा भार एका बाजूला पडला की परात डुगडुगते. खाली उतरून ती पुन्हा पाइपकडे पाहते, शेपटी झटकते, चिरचिर ओरडते.

अर्थात परात अडवते फक्त खालून येणारीला. उडी मारून येणारीसाठी भिंत, फांदी, कपड्यांची तार यांपासून आठ-दहा फुटांचं अंतर लागतं, आणि रो-हाउसच्या मागच्या पट्टीत एवढी मोकळी जागा काढणं हे परातीहून अवघड. चिकूची एक मोठी फांदी छाटावी लागली. कपड्यांची तार दुसऱ्या भिंतीला न्यावी लागली. त्यावर काकूंनी जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शिवाय फीडरमधले शेंगदाणे बंद केले. खारीची ओढ शेंगदाण्यांकडे. बाजरी ती दुसरं काही नसलं तर खाते. चिमण्या आणि मुनियांना बाजरी, राळा, तांदळाची कणी एवढं पुरतं. तेही सकाळी मूठभर, दुपारपर्यंत संपेल इतकंच. पावसाळ्यात ओल्या दाण्यांना बुरशी धरते, तेव्हा आणखी हात आखडायचा. शेंगदाणे आता काकू पलीकडच्या भिंतीवर ठेवतात, काकांच्या नकळत. म्हणजे काका नकळत असल्याचं दाखवतात. खारीनं पाइपचा नाद सोडला त्यात परातीइतकाच या शेंगदाण्यांचा हात असावा, असा माझा संशय आहे.

घरट्याच्या पेटीचं काम अजून बाकी आहे. चिमणीसाठी पेटीला सव्वा इंचाचं भोक ठेवतात. खारीनं ते कुरतडून मोठं केलंय, आणि संधी मिळाली तर ती अंडी-पिल्लंही सोडत नाही. भोकाभोवती पत्र्याची चकती बसवायचं काकांच्या डोक्यात आहे. त्यामुळे माझं ड्रिल मशीन सध्या त्यांच्याकडेच आहे.