गयेहून पुढे

बोधगया

ती. आईंस,
शि. सा. नमस्कार.

पिंडदान नीट पार पडलं. भाऊजी परतीच्या गाडीत बसले आहेत, ते सविस्तर सांगतीलच. विष्णुपदावर पिंड वाहिले. हे मंदिर आज उभं आहे ते आपल्या अहिल्याबाईंनी १७८७ मध्ये बांधून घेतलं म्हणून, हे तिथे गेल्यावर कळलं आणि परक्या गावात एकदम धीर आला. संकल्पात भाऊजींनी ह्यांचं नाव उच्चारलं तेव्हा त्यांचा आवाज फुटला. गुरुजी थांबले आणि त्यांनी ते नाव पुन्हा घ्यायला लावलं. आपल्या घरात कितीतरी महिन्यांत ते नाव कोणी मोठ्यानं घेतलेलं नव्हतं, आई.

तिथून बोधगया १२-१३ किलोमीटर. मी इकडे निघाले तेव्हा भाऊजींनी विचारलं, “वहिनी, धर्म बदलणार का तुम्ही?” त्यांना मी नीट उत्तर देऊ शकले नाही, म्हणून तुम्हाला लिहिते. हे गेल्यावर भेटायला येणारा जो तो एकच सांगत होता, रडू नका, आत्म्याला पुढे जाता येत नाही. तुम्हालाही तेच ऐकवलं. तुम्ही देवघराचं दार लोटून रडायचात, मी न्हाणीघरात नळ सोडून. इगतपुरीच्या शिबिरात पहिल्यांदा असं झालं की कोणी काही समजावलं नाही. श्वास आत येतो, बाहेर जातो, तो आहे तसा बघा. मग अंगावर जे जाणवतं ते बघा. एवढंच. छातीत दाटून येतं ते मी तिथे बसून पाहिलं. ते वाढतं, कमी होतं, पुन्हा येतं. दुःख गेलं नाही, पण त्याची भीती गेली. ज्या माणसानं, बुद्धानं, हे शिकवलं तो कुठे बसला होता ते बघायचं होतं.

तुमची सून

---

बोधगया

ती. आईंस,
शि. सा. नमस्कार.

इथे थंडी चांगलीच आहे. पहाटे महाबोधी मंदिरात जाते. विटांचं उंच, निमुळतं शिखर, सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचं. मागे बोधिवृक्ष. मूळचा वृक्ष हा नव्हे. आधीचं झाड १८७६ मध्ये वादळात पडलं आणि कनिंगहॅमसाहेबांनी त्याच्याच वंशाचं रोप इथे लावलं. तिबेटी बायका लाकडी फळ्यांवर सबंध अंग टाकून नमस्कार घालत असतात, पांढऱ्या कपड्यांतले सिंहली यात्रेकरू पाली गाथा म्हणतात. मी कोपऱ्यात बसते. मला त्रिशरण आणि पंचशील एवढंच पाठ आहे.

काल नागपूरकडच्या बायकांचा एक जथा भेटला. मराठी ऐकून मीच जवळ गेले. “जयभीम ताई,” म्हणाल्या आणि सतरंजीवर जागा करून दिली. त्यांच्यातल्या एक आजी १९५६ च्या ऑक्टोबरात दीक्षाभूमीवर आईच्या कडेवर होत्या. त्यांनी विचारलं, “तुहं कोण गेलं?” मी सांगितलं. त्यांनी माझा हात धरून ठेवला.

मग बराच वेळ बोलणं झालं. म्हातारा, आजारी आणि प्रेत पाहून सिद्धार्थ घराबाहेर पडला, ही गोष्ट आपण शाळेत शिकलो. मला ती माझी वाटत होती. आजी म्हणाल्या, बाबासाहेबांना ती पटली नव्हती. एकोणतीस वर्षांच्या माणसानं तोवर मरण पाहिलंच नसेल कसं? रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय लढायला उठले, त्या युद्धाला नाही म्हटल्यामुळे गौतमाला घर सोडावं लागलं, असं बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात मांडलं आहे. ज्यांना पाण्यासाठी महाडच्या तळ्यावर जावं लागलं त्यांना हे कारण किती जवळचं असेल, हे मला आजी बोलत असताना उमगलं. स्वतः बाबासाहेबांची चार मुलं गेली, १९३५ मध्ये रमाबाई गेल्या. घरातलं मरण त्यांना कुणी शिकवायला नको होतं. तरी धम्म त्यांनी घेतला तो सगळ्यांना माणूस म्हणून उभं राहता यावं यासाठी.

मी फक्त माझं दुःख घेऊन इथे आले. मला आजवर कुठल्या देवळाच्या पायरीवर कोणी अडवलेलं नाही. त्या बायकांच्या शेजारी बसून वंदना म्हणताना वाटलं, धम्माकडे यायचं तर हेही समजून घ्यावं लागेल; नुसते डोळे मिटून बसणं पुरणार नाही. भाऊजींना सांगा, कागदावरच्या धर्माचा विचार अजून केलेला नाही. पण हे शिकायचं मात्र मनापासून ठरवलं आहे.

तुमची सून

---

श्रावस्ती

ती. आईंस,
शि. सा. नमस्कार.

सारनाथ घाईत झालं. धामेक स्तूपाला प्रदक्षिणा घातली. पाच भिक्खूंना पहिला उपदेश इथलाच. दुःख कशाकशात आहे हे सांगताना त्यात आवडत्या माणसाचा वियोगही स्पष्ट सांगितला आहे, हे मनात घट्ट धरून पुढे निघाले. बलरामपूरहून श्रावस्ती जवळ आहे. जेतवनात आता विटांची जोती उरली आहेत, गंधकुटीची जागा आहे, आनंदबोधी नावाचा पिंपळ आहे. भिक्खूसंघ पावसाळ्यात इथे राहायचा. बुद्धांचे सगळ्यांत जास्त वर्षावास इथलेच.

आणि आई, माणसं गमावलेल्या बायका इथेच आल्या. किसागोतमीची मोहरी तुम्हाला ठाऊक आहे. मेलेलं मूल कडेवर घेऊन ती औषध मागत होती, आणि ज्या घरात कोणी मेलं नाही तिथून मोहरी आण, असं तिला सांगितलं. मला ही गोष्ट लहानपणापासून कठोर वाटायची. आज जोत्यावर बसून वेगळं सुचलं. ती दारोदार गेली तेव्हा प्रत्येक दारात कोणीतरी थांबून आपलं कोण गेलं ते तिला सांगितलं असेल. तिला उपदेश नाही मिळाला, शेजारणी मिळाल्या. मुलाला स्मशानात ठेवून ती परत आली ती त्यानंतर. पटाचारेचं तर नवरा, दोन्ही मुलं, आईबाप, भाऊ, सगळंच गेलं. वस्त्राचं भान नसलेल्या अवस्थेत ती आली. लोक तिला हाकलत होते, बुद्धांनी येऊ दिलं.

पण मला धरून ठेवलं ते उब्बिरीनं. जीवा नावाची तिची मुलगी गेली. उब्बिरी रोज स्मशानात जाऊन तिच्या नावानं रडायची. बुद्धांनी तिला विचारलं की इथे जीवा नावाच्या चौऱ्याऐंशी हजार मुली जळल्या, त्यांतल्या कोणत्या जीवेसाठी तू रडतेस? थेरीगाथेत हे तिच्याच तोंडून आलं आहे. पहिल्यांदा वाचलं तेव्हा रागच आला होता. माझं माणूस एकच होतं, हजारांचा हिशेब मला कशाला? इथे ते पुन्हा वाचलं तेव्हा दिसलं की तिच्या मुलीचं नाव टाळलेलं नाही. ते नाव घेऊनच तिला तिच्या रडण्याच्या बाहेर, इतर आयांकडे बघायला लावलं आहे. काळजातला बाण निघाला, असं ती पुढे म्हणते. माझा निघालेला नाही. पण तो काढता येतो हे एका बाईनं अडीच हजार वर्षांपूर्वी सांगून ठेवलं आहे, आणि तिच्यावर माझा विश्वास बसला आहे.

तुमची सून

---

कुशीनगर

ती. आईंस,
शि. सा. नमस्कार.

हा शेवटचा मुक्काम. परिनिर्वाण मंदिरात उजव्या कुशीवर पहुडलेली सुमारे वीस फुटांची मूर्ती आहे, पाचव्या शतकातली. १८७६ मधल्या उत्खननात ती मोडक्या अवस्थेत सापडली, मग तुकडे जोडून पूर्ववत केली. लोक तिच्यावर चीवर पांघरतात. मी पायांशी बसले.

मला इथे आनंदाविषयी तुम्हाला लिहायचं आहे. पंचवीस वर्षं बुद्धांची सेवा केलेला हा भिक्खू शेवटच्या वेळी आत जाऊन दाराला टेकून रडत उभा राहिला. बुद्धांनी त्याला बोलावून घेतलं. शोक करू नकोस, सगळं जाणारंच आहे हे मी सांगत आलो ना, असं म्हणाले. पण तेवढ्यावर थांबले नाहीत. तू इतकी वर्षं प्रेमानं माझं सगळं केलंस असं त्याला सांगितलं आणि मग सर्व भिक्खूंसमोर त्याचे गुण बोलून दाखवले. आई, ह्यांच्या आजारपणात तुम्ही रात्र रात्र जागलात. तुमचं कोणी असं चारचौघांत बोलून दाखवलं का? मीही नाही बोलले. आता बोलणार आहे.

आणि तुम्ही ह्यांच्या लहानपणाचं सांगायला लागलात की आम्ही विषय बदलायचो. यापुढे नाही बदलणार. सगळं मला ऐकायचं आहे, नाव घेऊन.

गोरखपूरहून काशी एक्सप्रेसनं निघते आहे. नाशिकरोडला भाऊजींना पाठवू नका, मी रिक्षानं येईन. पौर्णिमेला पांडवलेण्यांच्या पायथ्याच्या बुद्धविहारात जायचं म्हणते. डोंगर चढावा लागत नाही. तुम्ही येणार असाल तर दोघी जाऊ. नाहीतर तुमचा हरिपाठ संपायच्या आत मी घरी असेन.

तुमची सून