छत्तीस गुण आणि एक सीलंट

पुणे हे एकेकाळी सायकलींचं शहर होतं, असं प्रत्येक पुणेकर सांगतो आणि सांगता सांगता स्कूटरला किक मारतो. आम्हा हॉस्टेलवाल्यांची गोष्ट वेगळी. आमच्या विंगमध्ये एक माउंटन बाईक आहे. पास आउट झालेल्या एका सीनियरने जाताना ती कुलूप-किल्लीसकट विंगला दान केली. तेव्हापासून ती वारसाहक्काने चालत आली आहे आणि सध्या तिचं पालकत्व माझ्याकडे आहे.

आता पुण्यात सायकल म्हटली की पंक्चर आलंच. वेताळ टेकडीवर एक चक्कर मारून या, मग कळेल! बाभळीचा काटा माणूस बघत नाही, ब्रँड बघत नाही. मागच्या गेटजवळचे पंक्चरवाले काका ट्यूब घमेल्यात बुडवायचे, बुडबुडे मोजायचे आणि म्हणायचे, "अरे, यात ट्यूब कमी आणि ठिगळं जास्त झालीत." शेवटी विंगने वर्गणी काढली आणि ट्यूबलेस करायचं ठरलं. रिम ट्यूबलेसला चालणारी होतीच. टायरची नवी जोडी घेतली, दोन महिन्यांची मेस त्यात गेली. राहिलं फक्त सीलंट.

"फक्त" म्हणालो खरा, पण मित्रांनो, खरी मेख इथेच आहे.

सीलंट म्हणजे टायरमध्ये ओतायचं दुधासारखं द्रव. बहुतेक सीलंटमध्ये रबराच्या झाडाचा चीक, म्हणजे लेटेक्स असतो. केरळात तर ही झाडं आहेतच, पण आपल्या सिंधुदुर्गात दोडामार्गकडेही रबराच्या बागा आहेत. चीक तसाच ठेवला तर गोठतो, म्हणून त्यात अमोनिया घालतात. उलट रबराची शीट करायची असेल तर आम्ल घालून तो मुद्दाम गोठवतात. टायरला भोक पडलं की हवेबरोबर सीलंट तिथे धावतं, लेटेक्स गोठतो, बारीक कण अडकतात आणि बूच बसतं. काटा टोचल्यावर आपल्या अंगातलं रक्त गोठतं, तसंच.

पण कुठलंही सीलंट कुठल्याही टायरला चालतं का? नाही! इथे पत्रिका बघावी लागते.

पहिला गुण, जात. (इथे जात बघायला हरकत नाही.) आमच्या रूम पार्टनरचं म्हणणं, "मोटारसायकलचं सीलंट कोपऱ्यावर मिळतं, स्वस्त आहे, ओत!" पण त्यातली बरीचशी ग्लायकॉल आणि तंतूंची घट्ट जेल असते आणि ती वाळत नाही. मोटारसायकलच्या जाड रबरात तंतू घट्ट अडकतात. सायकलच्या टायरची बाजू पातळ, तिच्यातून हवा झिरपते. ती झिरप आणि रिमला टेकलेली कड बंद करायला वाळून थर धरणारा लेटेक्सच बरा. या कडेला बीड म्हणतात (जिल्ह्याशी संबंध नाही).

दुसरा गुण, अमोनिया. रिम अल्युमिनियमची. जास्त अमोनिया असेल तर ओरखडा पडलेल्या उघड्या धातूला तो हळूहळू खाऊ शकतो. काही टायर कंपन्या तर अमोनियावालं सीलंट वापरू नका असं स्पष्ट सांगतात. म्हणून टायरबरोबर आलेला कागद आधी वाचावा. आपण सिलॅबससुद्धा परीक्षेच्या आदल्या रात्री वाचतो, पण हा कागद मात्र ओतण्याआधीच वाचायचा.

तिसरा गुण, आधीचं स्थळ. दोन वेगळ्या कंपन्यांची सीलंट एकमेकांत मिसळू नयेत. एकाचं रसायन दुसऱ्याचा चीक टायरमध्येच गोठवू शकतं. मी कटिंगच्या ग्लासात चमचाभर सीलंट घेऊन त्यात व्हिनेगरचे थेंब टाकले. बघता बघता गुठळी! रूम पार्टनर म्हणाला, "हे तर पनीर झालं." पण त्यानंतर त्याने मोटारसायकलच्या बाटलीचा विषय काढला नाही. रिममध्ये सीनियरच्या काळातल्या सीलंटची वाळलेली सालं होती. ती नखांनी खरवडून काढली, रिम पुसली, नवी टेप मारली.

चौथा गुण, हवा. कडी बसवायला काही जण कार्बन डायऑक्साइडची छोटी नळकांडी वापरतात. हा वायू पाण्यात विरघळला की आम्ल बनतं, शिवाय सुटताना तो गारठलेला असतो. लेटेक्सला दोन्ही मानवत नाही. आपला पंप बरा. नाहीच जमलं तर पेट्रोल पंपावरचा कॉम्प्रेसर आहेच, त्याला व्हॉल्व्हचा ॲडॉप्टर तेवढा लागतो.

पाचवा गुण, पुण्याचा एप्रिल. सीलंटमधलं पाणी उन्हाळ्यात लवकर उडतं. म्हणून दर दोन महिन्यांनी टायर कानाशी धरून हलवायचा. आत पचपच आवाज आला तर ठीक, नाही तर भर घालायची.

अखेर कमी अमोनियाचं, सायकलसाठीच बनवलेलं लेटेक्स सीलंट घेतलं. बाटली जोरात हलवली (कण तळाशी बसतात), व्हॉल्व्हचा गाभा काढून प्रत्येक चाकात शंभर मिली ओतलं, चाक फिरवलं आणि रात्रभर कधी या, तर कधी त्या कुशीवर आडवं ठेवलं. सकाळी टायर टणक!

एवढा खटाटोप कशाला, असं विंगमधल्या अनेकांनी विचारलं. कारण सोपं आहे. ही सायकल मी एकटा चालवत नाही. फर्स्ट इयरची पोरं ती सिंहगडावर नेतात. चढताना हवा गेली तर पोरगं चालत येईल, पण घाटाच्या उतारावर, वळणावर पुढच्या चाकाची हवा गेली तर? आपण ओतलेल्या शंभर मिलीवर दुसऱ्याचे दात अवलंबून असतात. इंजिनिअरिंग म्हणजे तरी दुसरं काय?

परवा एक ज्युनियर टेकडीवरून परत आला. टायरमधून तीन काटे काढले. तिन्ही जागी पांढरा ठिपका दिसला, फुस्स झालं आणि बंद. त्याला काही कळलंसुद्धा नव्हतं.

पुढच्या वर्षी ही सायकल त्याच्याकडे जाईल. बाटलीवर मार्करने सीलंटचं नाव आणि ओतल्याची तारीख लिहून ठेवली आहे. खाली एवढंच लिहिलंय, "यात दुसरं काही मिसळू नकोस."